मेसमधलं खरकटं : पाट्या लावून झाल्या, आता मांडणी बदलायची आहे

खानावळवाला_लातूर

नमस्कार मंडळी. बरेच महिने नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा धागा काढतोय, सांभाळून घ्या.

लातूरला क्लासेसच्या भागात माझी मेस आहे. जेवायला नीट-जेईईची पोरं-पोरी. क्लास सुटला की पाऊण तासात सगळा लोंढा येतो आणि जातो, आणि नंतर खरकट्याच्या बादल्या बघवत नाहीत. भात-वरण सगळ्यात जास्त, त्याखालोखाल दोडका-भोपळा असल्या भाज्या, पोळी कमी. बादल्या म्हशीवाला नेतो, म्हणजे अगदीच फुकट जात नाही म्हणा. पण तुरीची डाळ काय भावानं येते ते इथं सांगायला नको, ती मी म्हशीसाठी शिजवत नाही.

'अन्न हे पूर्णब्रह्म' लिहून झालं. 'हवं तेवढंच घ्या' लिहून झालं. पोरं त्याच पाटीखाली ताट उपडं करतात. दंड लावला तर शेजारच्या मेसला जातील. भाचा डिझाइन शिकतोय, तो म्हणतो, "मामा, पोरांच्या मागं लागू नको, मांडणी बदल." म्हणजे ताट, वाटी, वगराळं, रांग, बादली ह्यात फेरफार. ऐकायला बरं वाटतं, पण असं चालतं का? कुणी करून बघितलंय का? उपदेश नकोत, ते माझ्याकडंच ढीगभर पडलेत.

शेंगोळे

पहिला! वाचनखूण साठवली. सविस्तर नंतर, सध्या टंकनकंटाळा.

तिरकस

दोडका बंद करा. धागा संपला.

खानावळवाला_लातूर

@तिरकस, दोडका बंद केला की आईबापांचे फोन येतात, पोराला हिरवी भाजी देत नाही म्हणून. :)

नांदेडची_माई

आमच्या नांदेडला सचखंड गुरुद्वारात लंगरला एकदा येऊन बसा, आणि जेवता जेवता वाढणाऱ्यांकडं लक्ष ठेवा. माणसं ओळीनं खाली बसतात. बादली घेऊन येणारा डाळ बेतानं घालतो आणि पुढं सरकतो. रोटी दोन्ही हात पुढं करून घ्यायची, आपण होऊन कुणी ताटात टाकत नाही. हात पुढं नाही तर रोटी नाही. थोड्या वेळानं तोच सेवेकरी परत येतो, परत विचारतो. पुन्हा मिळणार ह्याची खात्री असली की पहिल्यांदाच भरून घ्यायची घाई कुणी करत नाही. गर्दी म्हणाल तर तुमच्या मेसच्या कितीतरी पट.

जुना_वाढपी

माईंशी सहमत, पण थोडं मीठ घालून. परभणी-जिंतूर भागात लग्नाची कामं घेतो. पंगतीत नासाडी व्हायची नाही असं म्हणणारे माझ्या पंगतीला जेवलेले दिसत नाहीत. जिलबीचं ताट घेऊन फिरणारा नवरीचा मामा आणि पत्रावळीवर आडवा पडलेला पाहुणा, हे भांडण मी शेकड्यानं बघितलंय. शेवटी जिलबी पत्रावळीखाली जायची. पण एक खरं, माप वाढप्याच्या हातात होतं. लहान पोराला तो अर्धा डाव घालायचा, पैलवानाला दोन.

बुफेत ते माप गेलं. एका हातात ताट, दुसऱ्या हातात चमचा, काखेत पोरगं, मागं रांग. परत कोण येणार? मग एकाच फेरीत पुलाव, त्यावर पनीर, त्यावर गुलाबजाम. ते कालवलेलं नंतर त्याचं त्यालाच जात नाही.

मी एकच लांबलचक टेबल लावायचो, ते तोडलं. तेच पदार्थ मांडवाच्या दोन-तीन टोकांना लावतो. रांग आखूड झाली की ताट आपोआप हलकं होतं. गोड शेवटी, वेगळ्या टेबलावर, द्रोणात. यजमानाच्या गळी उतरवताना मात्र घाम निघतो. त्याला उरलेलं चालतं, कमी पडलेलं चालत नाही. कमी पडलं की दहा वर्षं गावात नाव निघतं.

आणि कुणी बोलत नाही ती गोष्ट बोलतो. आमचं बिल ताटावर असतं. माणूस पोटभर जेवला काय आणि ताट टाकून उठला काय, आम्हाला पैसे तेवढेच. मग केटररनं डोकं कशाला लावावं? ज्याचं नुकसान होतं त्याच्याकडं वगराळं नसतं.

आकडेमोड

थोडी माहिती. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२४ चा अहवाल सांगतो की २०२२ साली जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, म्हणजे ग्राहकांपर्यंत पोचलेल्या अन्नातलं सुमारे १९ टक्के. त्यातलं ६० टक्के घराघरांतून. हॉटेलं-खानावळींचा वाटा २९ कोटी टन. म्हणजे काका, तुमच्यापेक्षा आम्ही घरात बसलेले जास्त गुन्हेगार आहोत.

मांडणीनं फरक पडतो का, ह्याचं उत्तर हो. नॉर्वेतल्या हॉटेलांत केलेला एक प्रयोग २०१३ साली छापून आला. काही हॉटेलांत बुफेची ताटं लहान केली, काहींत 'पुन्हा या, कितीही वेळा घ्या' अशी पाटी लावली. दोन्हीकडं नासाडी साधारण २० टक्क्यांनी घटली. गंमत बघा, 'कमी घ्या' असं कुणी लिहिलंच नव्हतं. माईंनी लंगरचं सांगितलं ते हेच.

चिकित्सक

@आकडेमोड, लहान ताटांच्या बाबतीत जपून. ह्या विषयावरचं सगळ्यात गाजलेलं संशोधन कॉर्नेल विद्यापीठातल्या ब्रायन वानसिंक ह्यांचं. २०१८ साली विद्यापीठाच्या चौकशीत ते दोषी ठरले, त्यांचे बरेच शोधनिबंध मागे घेतले गेले. लहान ताटात अन्न जास्त दिसतं आणि माणूस फसतो, हे लोक अजून छातीठोकपणे सांगत फिरतात.

आकडेमोड

रास्त. म्हणूनच नॉर्वेचं सांगितलं, ते वेगळ्या लोकांचं काम आहे. शिवाय त्यात डोळ्याला फसवायचा प्रश्न येत नाही. लहान ताटात मुळात कमी मावतं, एवढंच.

तिरकस

आमच्या काळी बाप पाठीत रट्टा घालायचा, ताट चाटूनपुसून साफ. डिझाइन वगैरे नव्हतं.

शेंगोळे

@तिरकस, रट्ट्याचं पेटंट घ्या लगेच.

कुलकर्णी_आज्जी

बहात्तरच्या दुष्काळात रोजगाराच्या कामावर सुकडी मिळायची आणि अमेरिकेची लाल ज्वारी. त्या भाकरीला चव नव्हती, पण तुकडा टाकलेला मी बघितला नाही. रट्ट्याची गरज नव्हती बाबा, पोटच सांगायचं. आता देवदयेनं तशी वेळ नाही, म्हणून युक्त्या शोधायच्या. शोधा की.

बारावी_ब

मी लातूरलाच मेसला जेवते. (काकांच्या मेसला नाही बहुतेक. असले तर सॉरी काका, वरण छान असतं.)

आमच्या बाजूनं सांगते. काउंटरवर ताट पुढं केलं की नको म्हणायच्या आत भात पडलेला असतो. मागचे ढकलत असतात. गर्दीच्या वेळी तर ताटं आधीच लावून ठेवलेली असतात, उचला आणि चला. माप सगळ्यांना एकच. माझ्या मैत्रिणीला भात चालत नाही, ती रोज टाकते. मला जास्त लागतो, पण परत मागायला जायचं तर सगळी रांग मोडून. मग मी तिचा घेते, तर मेसवाले काकू ओरडतात की एका ताटात दोघी जेवायलात म्हणून!

शिवाय टेस्टच्या आदल्या रात्री घशाखाली काही उतरत नाही. टेस्ट झाली की अर्धा वर्ग बाहेर मिसळ खायला पळतो. मेसला ते माहीतच नसतं, त्यांचा कुकर रोज तेवढाच.

मापाडी

@बारावी_ब, धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रतिसाद.

@खानावळवाला_लातूर, तुम्ही ताटं आधी लावून ठेवता का?

खानावळवाला_लातूर

हो, लावूनच ठेवतो. नाही लावली तर रांग पार रस्त्यावर जाते आणि रिक्षावाले शिव्या देतात.

मापाडी

मग झालं की. भात वाया जातोय त्याचं कारण त्या पाऊण तासात आहे, पोरांच्या संस्कारात नाही. गर्दी हलवायला तुम्ही ताट लावता, ताट लावलं की 'नको' म्हणायची जागाच राहत नाही.

माझा पेशा कारखान्यात उत्पादन बघायचा, तिथल्या सवयीनं सांगतो.

पहिलं म्हणजे दोन बादल्या करा. एकीत फक्त ताटातलं उष्टं, दुसरीत भगुन्यात तसंच उरलेलं. सध्या दोन्ही एकात जात असणार. उष्टं जास्त असेल तर माप चुकतंय, भगुन्यातलं जास्त असेल तर अंदाज चुकतोय. दोन्हीची औषधं वेगळी आहेत.

ताट लावा, पण त्यात पोळी, भाजी, चटणी, कांदा एवढंच. ह्यात रांग हलते. वरण-भात टेबलावर, बसल्यावर, विचारून. त्याला एक पोरगा जास्त लागेल. वाचलेल्या तांदळा-डाळीत त्याचा पगार निघतो का ते बादली मोजल्यावर कळेल, आधी मी छातीठोक सांगणार नाही.

वगराळं बदला. तुमच्याकडं बहुतेक लग्नातलं मोठं वगराळं असेल. त्यात वाढणाऱ्याला अर्ध घालताच येत नाही, हात झुकला की वाटी भरून वाहते. लहान वगराळ्यानं दोनदा घालू दे, पण दुसऱ्यांदा विचारून.

आणि बादली. ती कुठं ठेवलीय?

खानावळवाला_लातूर

मागं, मोरीजवळ. का?

मापाडी

आचाऱ्याला दिसते का?

खानावळवाला_लातूर

नाही. आचारी त्या वेळी पोळ्यांकडं असतो.

मापाडी

बादली आचाऱ्याच्या नजरेसमोर आणा. सगळे जण बादली जेवणाऱ्याला दाखवायच्या मागं असतात. जेवणारा एकदा बघतो आणि घरी जातो. आचारी रोज बघेल. मंगळवारी भाजी सगळी परत येते हे त्याला तुम्ही सांगितलं तर तो चिडेल, बादलीनं सांगितलं तर ऐकेल.

जुना_वाढपी

शंभर टक्के. आमचा म्हातारा आचारी पंगत उठली की पत्रावळी गोळा करणाऱ्याला विचारायचा, "काय आलं परत?" मीठ जास्त झालं का कमी, त्याला तिथंच कळायचं.

गोदाकाठ

मी पुण्याच्या एका हॉस्टेलला होतो तिथं जेवणघराच्या दारात काटा होता. रोजचं उष्टं किती किलो ते फळ्यावर लिहायचे. तेही करा की काका.

परभणीच्या_बाई

फळ्याच्या बाबतीत माझं मत वेगळं आहे. गृहविज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलं, त्यातून सांगते. ह्या वयातली मुलं, विशेषतः मुली, आधीच जेवणावरून मनात काय काय घेऊन बसलेल्या असतात. त्यात परीक्षेचा ताण. दारात काटा लावून सगळ्यांदेखत मोजलं की मूल दोनपैकी एक करतं, भूक असून कमी घेतं किंवा नको असताना कोंबतं. तापातून उठलेल्या पोरानं अर्ध ताट टाकलं तर त्याला कसली लाज लावायची? मोजा जरूर, पण आत मोजा, तुमच्यासाठी.

आता भाताचं. गर्दीच्या आधी सगळा भात एकदम लावू नका. निम्मा लावा, निम्मी मंडळी जेवून उठली की दुसरा कुकर चढवा, म्हणजे शेवटच्या कुकरात किती घालायचं ते समोर बघून ठरवता येतं. राहिलेला भात भगुन्यात कोमट ठेवून रात्री फोडणीला टाकणं घरगुती वाटलं तरी मेसमध्ये धोक्याचं. शिजलेल्या भातात तग धरणारे जंतू असतात आणि कोमट भातात ते जे विष करून ठेवतात ते परत गरम केल्यानं जात नाही. एक तर ६० अंशांच्या वर गरम ठेवा, नाहीतर पसरट परातीत पातळ पसरून पटकन गार करा आणि फ्रिजमध्ये.

गोदाकाठ

बाई, हॉस्टेलातला फळा मला तरी आवडायचा. आमच्यात चुरस लागायची.

परभणीच्या_बाई

तुम्हाला आवडायचा. ज्याला आवडत नव्हता तो इथं लिहायला येणार नाही.

संभाजीनगरी

उरलेलं (उष्टं नव्हे) द्यायला आमच्याकडं संभाजीनगरात रोटी बँक २०१५ पासून आहे. लोक पोळ्या-भाजी आणून देतात, गरजू येऊन सन्मानानं घेऊन जातात. लातूरला असं कुणी असेल तर दुसऱ्या बादलीची गरजच नाही. फक्त गोळा करून वाटणाऱ्या संस्थेनं एफएसएसएआयची (केंद्राचं अन्नसुरक्षा प्राधिकरण) नोंदणी केलेली असावी लागते, उरलेल्या अन्नाच्या वाटपासाठी २०१९ साली वेगळे नियम आलेत.

माळवद

थोडं अवांतर. मांडणी मांडणी म्हणताय तर आपल्या जुन्या घरात काय कमी होतं? शिंकाळं घ्या. वाऱ्यावर टांगलेलं, मांजर-मुंगी पोचत नाही, आणि येता-जाता डोक्याला लागतं, म्हणून त्यात दूध-दही आहे हे विसरायची सोय नाही! आताच्या फ्रिजमध्ये मागच्या कप्प्यातली वाटी दिवाळीला सापडते. माझी सून आता फ्रिजच्या सगळ्यात वरच्या पुढच्या कप्प्यात एक लाल डबा ठेवते, उरलेलं सगळं त्यात, आणि आधी तो उघडायचा. डब्याला नाव शिंकाळंच.

दुसरं, भाजीपाल्यासाठी बिनविजेची शीतखोली. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेनं ऐंशीच्या दशकात काढलेली. विटांच्या दोन भिंती, मध्ये साडेसात सेंटिमीटरची फट, त्यात नदीची वाळू, सकाळ-संध्याकाळ वाळू भिजवायची, वर ओल्या पोत्याचं झाकण. पाणी उडून जाताना आतली उष्णता घेऊन जातं. हवा जितकी कोरडी तितकं चांगलं चालतं, म्हणजे आपल्या एप्रिल-मेसाठी बनवल्यासारखं. पावसाळ्यात मात्र फारसं काम करत नाही. मेसच्या मागं जागा असेल तर पालक-मेथी दुपारी माना टाकणार नाही.

तिरकस

लातूरला? वाळू भिजवायला पाणी? २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं राव, आणि तुम्ही विटांना पाजा म्हणताय.

माळवद

@तिरकस, भाज्या धुतलेलं पाणी घाला की. नाहीतरी मोरीतच जातं.

तिरकस

हे मान्य. (ह्या धाग्यात पहिल्यांदाच.)

बालाघाटी

ताटातल्या भाताचं एवढं चाललंय, शेतातलं कुणी बोलेना. बालाघाटचं सीताफळ घ्या, जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, नाव झालं, पण झाडावरून उतरवलं की दोन-तीन दिवसांचा खेळ. रस्ता खराब, कॅरेटमध्ये वरच्या फळानं खालचं दबतं, बाजारात पोचेपर्यंत निम्मं काळं. टोमॅटोचा भाव पडला की तोडणीची मजुरी निघत नाही, तसाच रोटाव्हेटर फिरवतो. ह्यावर काढा की डिझाइन.

संभाजीनगरी

@बालाघाटी दादा, काढलंय. एस-फोर-एस नावाच्या कंपनीचे सौर वाळवणयंत्र आमच्या जिल्ह्यातल्या गावांत बायका चालवतात. कांदा, आलं, टोमॅटो असलं भाव पडलेलं किंवा आकारानं नापास झालेलं घ्यायचं, चिरायचं, वाळवायचं, आणि तो माल मोठ्या स्वयंपाकघरांना आणि खाद्यकंपन्यांना जातो. २०२३ साली त्यांना अर्थशॉट पुरस्कार मिळाला, कचरामुक्त जगाच्या गटात. मला त्यातली आवडलेली गोष्ट म्हणजे यंत्र अंगणात बसतं, माल यंत्राकडं न्यावा लागत नाही.

कुलकर्णी_आज्जी

खारोड्या आणि सांडगे आम्ही माळवदावरच वाळवत होतो. कावळे राखायला नातवंडं बसवायची, आणि अर्धे तीच खायची.

शेंगोळे

टंकनकंटाळा गेला. शिळ्या भाकरीचं कुणीच कसं काढलं नाही? भाकरी कुस्करून कांदा, शेंगदाणे, हिरवी मिरची, कढीपत्ता, वरून कच्चं तेल...

जुना_वाढपी

कच्चं तेल? फोडणीवर परत तेल? आणि लसूण कुठाय?

नांदेडची_माई

ताकात कुस्करा आणि लसणाची चटणी घ्या. ह्यापुढं कशाला काही लागत नाही.

शेंगोळे

माई, हिवाळ्यात ताक? घसा धरेल.

मापाडी

मंडळी, पाककृतींचा वेगळा धागा काढा, काका पळून जातील.

खानावळवाला_लातूर

पळालो नाही, कामात होतो. वाचून बरंच काही करून बघितलं, जसं आहे तसं सांगतो.

दोन बादल्या केल्या. उष्टंच जास्त निघालं, आणि त्यात भातच. मग भात टेबलावर न्यायला लागलो, लहान वगराळं आणलं. भाताचं उष्टं डोळ्याला दिसेल इतकं घटलं. वरणाचं तेवढं नाही, कारण पोरं वरण वाटीत घेतात आणि पोळीबरोबर अर्धच संपवतात. वाटीच लहान घ्यावी म्हणतोय. वाढायला ठेवलेल्या पोराचा पगार अजून पुरता निघत नाही, हेही सांगून ठेवतो.

बादली आचाऱ्यासमोर आणली. दोन दिवस रुसला. नंतर स्वतःच म्हणाला, दोडक्यात चणाडाळ घालून बघतो. आता दोडका कमी परत येतो. @तिरकस, नोंद घ्यावी.

फळा लावला नाही, बाईंचं पटलं. त्याऐवजी दारात एक फळी ठोकली, प्रत्येकाच्या नावाचा पत्र्याचा बिल्ला, एका बाजूनं हिरवा, दुसऱ्या बाजूनं लाल. रात्री जेवायचं नसेल तर दुपारी जाताना लाल करायचा. आधी व्हाट्सअपवर विचारायचो, कुणी उत्तर देत नव्हतं. बिल्ला उलटायला बोटच लागतं. दंगा एवढाच, की काही कार्टी एकमेकांचे बिल्ले लाल करून ठेवतात आणि उपाशी पोरगं रात्री येऊन भांडतं. म्हणून चार माणसांचं जादा शिजवतोच.

बारावी_ब

बिल्ल्यांची आयडिया आमच्या काकूंना दाखवली. म्हणाल्या, खिळे कोण ठोकणार.

तिरकस

दोडक्यात चणाडाळ. बरं. पडवळाचं काय करणार?

हिंगोलीकर

माझीही छोटी खानावळ आहे, धागा मुळापासून वाचला. काका, ते लहान वगराळं कुठून घेतलंत? इथं सगळीकडं लग्नाचंच माप मिळायलंय, आणि लहान मिळालं तर दांडा एवढा आखूड की भगुन्यात हात बुडतो.

खानावळवाला_लातूर

@हिंगोलीकर, गंजगोलाईत भांड्याच्या दुकानात. तयार मिळत नव्हतं. मोठ्या वगराळ्याच्या दांड्याला आमटीच्या वाटीएवढा पेला जोडून घेतला, दुकानदार हसला पण करून दिलं. दांडा थोडा वाकवून घ्या, म्हणजे भगुन्याच्या काठाला अडकतो आणि आत पडत नाही. आणि दोन घ्या, एक पहिल्याच आठवड्यात कुणीतरी खरकट्याबरोबर बादलीत टाकतं. माझं म्हशीवाल्यानं परत आणून दिलं.